खाडीला न सांगायचं नाव

खाडीकाठच्या माणसाची गोष्ट चिखलापासून सांगावी लागते. चिखल आधीचा, माणूस नंतरचा. विरारच्या चंदनसार भागातल्या इमारती मागे राहिल्या की रस्ता अरुंद होतो, मग खडीचा होतो, मग नुसती पायवाट उरते. ती पायवाट वैतरणेच्या खाडीपाशी ज्या घराला टेकून थांबते, ते कमळीचं घर. ओहोटीला घरासमोर काळाभोर चिखल उघडा पडतो, सायीसारखा मऊ. त्यावर निवट्या उड्या मारतात. निवटी म्हणजे बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, पाण्यात जितका रमतो तितकाच चिखलात. भरती आली की हे सगळं झाकून पाणी परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी येऊन उभं राहतं. लग्न होऊन आली तेव्हापासून कमळी हे पाणी बघत आली आहे.

तेव्हा घराच्या डाव्या अंगाला शेत होतं. खाऱ्या जमिनीत येणारा तांबडा भात. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांधाची राखण हे घरातलं पहिलं काम. कमळीचा नवरा शत्रुघ्न भरतीच्या वेळी भरल्या ताटावरून उठून बांधावर जायचा आणि खेकड्यांनी पाडलेली भोकं टाचेने दाबून बुजवायचा. पुढे खाडीतून रेती निघू लागली. तळ खोल गेला, काठ ढासळू लागला आणि एका उधाणात बांध वाहून गेला. शेतात शिरलेलं खारं पाणी परत निघालंच नाही. शत्रुघ्नने त्या पाण्याकडे बघत काही वर्षं काढली आणि तोही गेला.

मुलगा मितेश तेव्हा नुकता संसाराला लागला होता. त्याने घरापुढचं बंदर, म्हणजे होड्या लागायची जागा, विलासशेठला वापरायला दिली. विलासशेठचा धंदा रेतीचा. फुलपाड्याला आणि मनवेलपाड्याला ज्या भिंती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी भिंतींत ही खाडी आहे. ज्या रेतीने शेत नेलं तिच्यावरच कमळीच्या घरची चूल पेटू लागली. कमळीला हे कळत नव्हतं असं नाही. पण रोज पेटणाऱ्या चुलीशी माणूस भांडत नाही.

रेती काढायला सरकारची बंदी होती. यंत्र लावलं की आवाज होतो, धाड पडते. म्हणून विलासशेठ माणसं लावायचा. परमुलखातली, बिहार-झारखंडच्या नदीकाठची, पाण्यातच वाढलेली माणसं. होडी खाडीच्या मध्यावर उभी करायची. लांब बांबू तळात रोवायचा. माणसाने लोखंडी बादली घेऊन त्या बांबूला धरून खाली जायचं आणि तळाच्या काळोखात हातांनी रेती बादलीत ओढायची. वरचे दोघे बादली दोराने खेचणार, आणि खालचा बांबूवरून वर येऊन श्वास घेणार, की परत खाली. सबंध दिवस. या कामाला डुबी म्हणतात आणि माणसांना डुबीवाले. त्यांच्या कानांतून रक्त येतं. आधी एक कान जातो, मग दुसरा. गाळात पाय अडकला तर माणूसच जातो. मग दुसरा माणूस येतो.

हे डुबीवाले बंदराच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहायचे आणि त्यांचा भात कमळीच्या चुलीवर शिजायचा. भात आणि सुकटीचं कालवण. कधी शेवग्याच्या शेंगा.

या काठाची एक जुनी रीत आहे. पाण्यावर माणसाचं खरं नाव घ्यायचं नाही. खाडी ऐकत असते. एकदा कानी पडलेलं नाव ती विसरत नाही, आणि मग एखाद्या उधाणाला तीच त्या नावाने हाक मारते. माणूस ओ देतो आणि जातो. म्हणून होडीत पाय ठेवला की प्रत्येकाला वेगळं नाव, पाण्यातल्या नाहीतर काठावरच्या एखाद्या जिवाचं. शत्रुघ्नला होडीवर खुबा म्हणत, त्याच्या बापाला घोळ म्हणत. डुबीवाले आले तेव्हा त्यांना पाण्यातली नावं द्यायचं काम आपसूक कमळीकडे आलं. लांब मानेचा होता तो बगळा. तिरपा चालायचा तो चिंबोरा. आणि एक बुटका, हसरा, डोळे वर काढून बघणारा होता. तो निवटा.

कमळीने ही नावं मायेने दिली होती. परक्या आयांची पोरं ही, त्यांची नावं खाडीला कळू नयेत एवढंच तिच्या मनात. पण ही माणसं झोपेतून उठून होडीत जायची आणि होडीतून येऊन झोपायची. त्यांच्यासाठी सगळी जमीनच पाणी झाली होती. खरं नाव घ्यायची वेळच कुठे आली नाही, आणि कुणी कुणाला ते विचारलंही नाही. विलासशेठला ही रीत फार आवडली.

"काकी, तुमची जुनी मानसं लय हुशार," तो म्हणायचा.

संध्याकाळी डुबीवाले जेवायला आले की कमळी लसूण घालून खोबरेल कढवायची आणि एकेकाच्या कानात घालायची.

"निवट्या, कान दे."

"कौन सा दूँ, माई? दायाँवाला तो छुट्टी पर है."

"मंग डावा दे. तो तरी कामावर हाय का?"

निवट्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तो बोलायचाही ओरडून. शेवग्याखाली उभा राहून घरी फोन करायचा तेव्हा सगळ्या काठाला त्याच्या गावातल्या गाईम्हशींची खुशाली कळायची. मितेशची बायको रीमा पदराआड हसायची. "एवढ्या मोठ्यानं बोलतो, फोन कशाला लागतो याला? खिडकी उघडली तरी ऐकू जाईल बिहारला."

शेडमध्ये वीज नव्हती. निवट्याचा फोन दिवसभर कमळीच्या स्वयंपाकघरात, फळीवर, रीमाच्या फोनशेजारी चार्जिंगला लावलेला असायचा.

एकदा उन्हाळ्यात एक बाई बंदरावर आली होती. विनया तिचं नाव. मनवेलपाड्याला राहणारी, नोकरी सोडून या कामाला लागलेली. फुलपाड्याच्या एका खोलीत ती रविवारी बसायची आणि घरकामाच्या बाया, वॉचमन, नाक्यावर उभे राहणारे मजूर आपली गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडे जायचे. ती डुबीवाल्यांना नावं विचारू लागली, तशी कमळी हातातला विळा घेऊनच पुढे झाली.

"नावं नाय विचारायची. इथं नाव नाय घेत."

"का हो?"

"पानी ऐकतं."

विनया हसली नाही. म्हणाली, "मावशी, उद्या यांच्यातल्या कुणाला काही झालं, तर कुणाला झालं म्हणून सांगणार?"

"सकाळी सकाळी चांगलं बोलायची सवय नाय वाटतं तुमच्या बिल्डिंगीत," कमळी म्हणाली. "जा बाई, उन्हाने रंग उतरंल."

डुबीवाले हसले. विनया खोलीचा पत्ता सांगून निघून गेली. कमळीला वाटलं, बरी वाटेला लावली.

मग ती अमावस्या आली. उधाणाच्या दिवसांत जुनी माणसं होड्या काठाला बांधून ठेवत. पण विलासशेठला कुठल्याशा इमारतीच्या स्लॅबसाठी रेती हवी होती. सकाळी कमळी मितेशला म्हणाली, "आज नको पाठवू रं त्यांना. पानी वढ घेतंय."

"आये, स्लॅब अमावस्या बघत नाय."

निवटा पायरीवर बसला होता. आदल्या दिवशी कालवाच्या शिंपेने त्याच्या डाव्या पायाचा अंगठा कापला होता. कमळीने आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली, हळद भरून अंगठा गच्च बांधला.

"माई, आज पाँव भी छुट्टी माँग रहा है."

"मंग दे की सुट्टी."

"मैं पाँव को छुट्टी दूँ, तो सेठ मुझे दे देगा," तो म्हणाला आणि लंगडत होडीकडे गेला.

दुपारी कमळी परसात कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालत होती. खाडीवरून बादल्यांचा आवाज येत होता. लोखंड होडीच्या कडेवर आपटायचं, रेती ओतली जायची, परत बादली खाली. हा आवाज तिच्या कानांना इतका सवयीचा झाला होता की तो थांबला तेव्हाच तिला ऐकू आला. तिने मान वर केली. मधल्या होडीवरची माणसं एका बाजूला वाकली होती. बांबू कलला, आडवा झाला आणि ओढीबरोबर वाहत निघाला. त्याला कोणी धरलेलं नव्हतं.

बगळ्याने उडी टाकली. वर आला, परत गेला. पुन्हा पुन्हा गेला. शेवटी त्याच्या नाकातून रक्त आलं तेव्हा बाकीच्यांनी त्याला ओढून होडीत घेतलं.

विलासशेठ गाडी घेऊन आला. त्याने आवाज चढवला नाही, कुणावर हात उगारला नाही. उन्हं उतरायच्या आत डुबीवाल्यांची बोचकी टेम्पोत भरली गेली. शेडचे पत्रे उतरले. चुलीचे दगडसुद्धा खाडीत ढकलले गेले. टेम्पोत चढताना बगळा कमळीकडे बघत होता. त्याला काही सांगायचं होतं, पण मागून कुणीतरी त्याला आत रेटलं.

मितेश पायरीवर येऊन बसला.

"इथं कोनी नव्हता, आये. कोनी विचारलं तर."

"शोधनार नाय त्याला?"

"कुठं शोधू? खाडी देईल तवा देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळी भाकऱ्या थापत होती. फळीवरचा फोन वाजला. रीमा पाणी भरायला गेली होती. कमळीने पिठाच्या हाताने फोन उचलला. पलीकडे एक बाई होती, घाबऱ्या आवाजाची.

"लखींदर हैं? जरा लखींदर को दीजिए ना."

"कोन लखींदर? इधर कोई लखींदर नहीं है, बाई."

"वहीं तो रहते हैं."

"इस नाम का कोई नहीं रहता. गलत नंबर लगा."

तिने फोन ठेवला. तव्यावरची भाकरी उलटली. आणि मग तिची नजर परत फळीवर गेली. रीमाचा फोन तिथे नव्हताच, रीमा तो बरोबर घेऊन गेली होती. पिठाने माखलेला, काचेला तडा गेलेला, मागे काळा दोरा गुंडाळलेला हा फोन निवट्याचा होता.

भाकरी करपल्याचा वास घरभर झाला तरी ती उभीच होती. खोटं ती बोलली नव्हती. लखींदर नावाचा माणूस तिने कधी पाहिला नव्हता. तिने ज्याच्या कानात तेल घातलं, ज्याचा अंगठा बांधला, तो निवटा. दुसरं नाव त्याला असेल, कुणीतरी ते बारशाला ठेवलं असेल, त्या नावाने रोज कुणी त्याची वाट बघत असेल, हे तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

फोन परत वाजला. तिचा हात पुढे गेला, पण त्याआधी मितेशने तो उचलला होता. तो दारातून आत आला होता.

"हा इथं कसा राहिला?" त्याचा चेहरा उतरला. त्याने बटण दाबून फोन बंद केला. "वहटी लागली की खाडीत टाक. लांब टाक. माझ्यावर समद्यांची नजर हाय, मी नाय जात."

ओहोटीला कमळी काठावर गेली. तिने कमरेला खोचून आणलेली कौलाची खापरी काढली आणि जोर करून पाण्यात भिरकावली. घरात बसलेल्या मितेशला पाण्याचा आवाज ऐकू गेला. फोन तिने तांदळाच्या पिंपात खाली दाबून ठेवला होता.

दोन-तीन दिवसांनी मितेश बातमी घेऊन आला. खाली तिवरांमध्ये जाळीवाल्यांना प्रेत सापडलं होतं. पोलिसांनी उचलून महापालिकेच्या शवागारात नेलं होतं.

"तोंड वळखू येत नाय म्हनतात. बेवारस म्हनून घातलाय." तो भिंतीला टेकला. त्या दिवसापासून तो धड जेवला नव्हता. "सुटलो, आये."

म्हणायला तो सुटलो म्हणाला, पण डोळे पुसत होता. मितेश वाईट नव्हता. तो फक्त आपल्या बापासारखा भोकं टाचेने दाबत होता.

संध्याकाळी रीमा भातासाठी पिंपात हात घालून बसली आणि तशीच थांबली. तिने सासूकडे बघितलं. कमळीने खाली बघितलं. रीमाने फोन काढला, तांदूळ झटकले, आतल्या खोलीत देव्हाऱ्याखाली चार्जिंगला लावला आणि वर टॉवेल टाकला.

"आई, चालू केलाय," ती पुटपुटली. "आवाज बारीक ठेवलाय. कुलूप हाय त्याला, आपल्याला लावता येनार नाय. आला तर घेता येईल."

आता वाट बघणं आलं. त्या बाईने एकदा ऐकलं होतं की इथे लखींदर नाही. मग फोन बंद. ती परत कशाला करेल? दुसऱ्या दिवशी कमळी देव्हाऱ्यापाशीच तांदूळ निवडत बसली. मितेश म्हणाला, "आज देवापाशी मुक्काम दिसतो." ती म्हणाली, "दुसरं कोन ऐकतंय माझं?" मितेश बाहेर गेला आणि दुपार कलताना टॉवेलखाली फोन घुरघुरला.

"हॅलो."

पलीकडे तीच बाई.

"आप वही हैं ना? उस दिन आप ही बोली थीं कि कोई लखींदर नहीं है."

"हाँ. मैं ही बोली."

"तो अब?"

कमळीची हिंदी बाजारातली. भाजी विकण्यापुरती. त्या हिंदीत हे कसं सांगायचं, ते तिला सुचेना. तिने विचारलं, "तू उसकी कोन?"

"घरवाली. फुलवंती."

"उसका पूरा नाम बोल, फुलवंती. बाप का भी बोल. गाँव का भी."

फुलवंतीने सांगितलं. लखींदर सहनी. बाप बिसुनदेव सहनी. कटिहारकडचं, गंगेच्या काठचं एक गाव. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. कुणी असं सगळं नाव कधी विचारतं, हे तिलाही ठाऊक असणार.

"पानी में गया?" तिने शेवटी विचारलं.

"हाँ, बेटा."

"निकाले?"

"निकाला. लेकिन उसका नाम किसी को मालूम नहीं. तू मत रो, मैं बताती है. मैं जाके बताती है."

फुलवंती रडली नाही. ती म्हणाली, "उस दिन आपने ना बोला, तो मैं खुश हुई. सोची, जगह बदल लिए होंगे. चार लोगों को बोल भी दी."

त्या संध्याकाळी कमळीने मितेशला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं.

"आये, तू गेलीस तर पोलीस पयला मला नेतील. शेठला नाय. बंदर आपलं हाय, त्याचं नाय. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"रीमाला दिवस गेलेत."

"ठाव हाय मला."

"मंग तो कोन लागतो तुझा? तुझ्या पोटचा मी हाय."

कमळी चुलीतली राख सारखी करत राहिली. मग म्हणाली, "तिनं मला विचारलं रं. आनि मी नाय म्हनाले. ती नाय ऐकून खुश झाली. त्या नायचं मी काय करू, सांग. कुठं टाकू ते?"

मितेश उठून बाहेर गेला.

रविवारी कमळी फुलपाड्याच्या त्या खोलीवर गेली. बाहेर चपलांचा ढीग होता. विनयाने तिला ओळखलं. विळ्याची आठवण दोघींनाही होती, पण ती कुणी काढली नाही. सगळं ऐकून विनयाने पाण्याचा पेला पुढे केला.

"भरपाईचा दावा लागतो, मावशी. काम बेकायदा होतं, पण ते त्याच्याकडून करून घेणारे आहेत, त्यांची जबाबदारी सुटत नाही. फक्त तो तिथे कामाला होता हे कुणीतरी सांगायला हवं. बाकीचे सगळे गायब केलेत. तुमच्याशिवाय कोणी नाही."

"माझ्या पोराचं काय?"

विनयाने पेला तिच्याकडे अजून थोडा सरकवला. "त्याला त्रास होईल. कदाचित शेठच्या आधी. मी खोटं सांगणार नाही तुम्हाला."

"खोटं सांगितलं असतंस तर बरं वाटलं असतं," कमळी म्हणाली आणि पाणी प्यायली.

शवागारात तिने चेहऱ्याकडे बघितलं नाही. तिने पायांकडून चादर वर करायला सांगितली. खाडीने त्या माणसाचं बरंच काही नेलं होतं, पण डाव्या अंगठ्यावर हिरवी पट्टी तशीच होती. गाठ कमळीची होती. उरलेलं लुगडं ती पिशवीत घालून घेऊन गेली होती, ते तिने टेबलावर ठेवलं. कर्मचारी म्हणाला, "बस झालं, बाई, चला." ती त्या गाठीवर हात ठेवून थोडी थांबली. मग चादर नीट करून बाहेर आली.

पोलीस चौकीत हवालदाराने विचारलं, "मयताचं नाव?"

हे पूर्ण नाव तिने अजून चारचौघांत मोठ्याने घेतलं नव्हतं. चौकी खाडीपासून दूर होती, खिडकीतून रिक्षा दिसत होत्या, तरी तिने एकदा मागे वळून बघितलं.

"लखींदर सहनी."

"तुम्ही त्याला या नावाने ओळखायचा?"

"नाय. आमी निवटा म्हनायचो. नाव मीच ठेवलं व्हतं."

हवालदार लिहिता लिहिता थांबला. वयाने मोठा माणूस होता. "बंदर कुणाच्या ताब्यात?"

"माझ्या मुलाच्या. मितेशच्या. त्यानं विलासशेठला वापरायला दिलंय."

"आजी, मुलाचं नाव येतंय यात. बाहेर बसून चहा घ्या, परत विचार करा."

"चहा घेऊन आली मी," कमळी म्हणाली. "लिवा."

मितेशला त्याच दिवशी नेलं. विलासशेठ बाहेरगावी गेला होता. बाहेरगावी गेलेला माणूस किती दिवस बाहेरगावी असतो ते शेठ लोकांनाच ठाऊक. मितेश जामिनावर सुटून आला तेव्हा वाळला होता. तो घरात राहतो, पण आईच्या हातचं खात नाही. रीमा वेगळी चूल पेटवते आणि एक वाटी कालवण गुपचूप सासूच्या बाजूला सरकवते. दावा लागला आहे. विनया तारखांना जाते, कमळीला नेते. विलासशेठच्या वकिलाने म्हणणं मांडलं आहे की असा कुणी माणूस शेठला माहीतच नाही. गावातल्या बायका कमळीला विहिरीवर जागा देतात, पण बोलणं थांबवून देतात.

तारखा सुरू व्हायच्या आधीच, प्रेत ताब्यात घ्यायला फुलवंती सासऱ्याला घेऊन आली होती. अठरा-वीस वर्षांची पोर, अंगाने काटकुळी. लखींदरला विरारलाच अग्नी दिला. राख तिने मडक्यात बांधून घेतली, गंगेला न्यायला. इथल्या पाण्यात चिमूटभरसुद्धा टाकू दिली नाही. कुणी तिला आग्रहही केला नाही.

निघायच्या आधी ती म्हणाली, "वह जगह दिखा दीजिए."

कमळीने तिला बंदरावर नेलं. ओहोटी होती. चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. शेड होती तिथे फक्त खांबांची भोकं उरली होती, त्यांत पाणी साचलेलं. मध्यावर कमळीने बोट दाखवलं. तिथे नुसतं पाणी होतं, दुसऱ्या कुठल्याही पाण्यासारखं.

फुलवंतीने मडकं सासऱ्याच्या हातात दिलं. चिखलात ती घोट्यापर्यंत उतरली आणि तिने हाक मारली. नवऱ्याचं नाव बायको असं मोठ्याने घेत नाही, तिच्याकडेही घेत नसतील. पण तिने ते पूर्ण घेतलं, बापाच्या नावासकट, गळा ताणून.

कमळीचा हात जुन्या सवयीने वर गेला, तिच्या तोंडावर धरायला. अर्ध्यावर येऊन तो थांबला. आता खाडीने ऐकून काय करायचं होतं?

हाक पाण्यावरून गेली. पलीकडच्या काठाला, तिवरांच्या आडोशाला, काही होड्या उभ्या होत्या. मध्ये ताजे बांबू रोवलेले दिसत होते. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येत होता. हाक ऐकून तिथल्या माणसांनी माना वळवल्या. पाण्यातून एक डोकं वर आलं, लांब मानेचं, आणि ते इकडे बघत तसंच थांबलं. होडीवरचा माणूस त्याच्यावर खेकसला. ओहोटीच्या पाण्यावर आवाज फार लांब जातो.

"ए बगळ्या, काय बघतोस? जा खाली."

डोकं पाण्याखाली गेलं.

ते नाव कमळीचं होतं. तिने दिलेलं, घराच्या पायरीवर बसून, हसत. त्याच्यामागचं दुसरं नाव काय, बाप कोण, गाव कोणतं, तिला काहीच ठाऊक नव्हतं. फुलवंती चिखलातून बाहेर आली. कमळीने तिचे पाय धुतले, पुसले, तिला रीमाजवळ बसवलं. मग लुगडं खोचून ती खाली गेली. शत्रुघ्नची जुनी होडी शेवग्याला बांधलेली होती. बांधून बांधून गाठ आवळली होती. ती दातांनी सोडवायला कमळी खाली वाकली.